मिठाला रेणू नसतो

रसायनबाईंच्या घरात चहासुद्धा सुखाने होत नसे. पाणी उकळायला लागलं की बाईंना पातेल्यातली रेणूंची धक्काबुक्की दिसायची. चहाची पूड पडली की षटकोनाला चिकटलेला पंचकोन, म्हणजे कॅफिन, डोळ्यांपुढे यायचं. आणि साखर घालताना तर त्या हमखास सांगायच्या, की साखर विरघळते ती तिच्या अंगावर जागोजागी लटकलेल्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्यांमुळे, पाण्याला त्या जोड्या आपल्या वाटतात म्हणून. ऐकायला बहुतेक वेळा नवराच असायचा. तो चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकावर काचा बसवायचा आणि घरी आल्यावर बायकोचं रसायनशास्त्र या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचा. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्याला एवढं कळलं होतं, की मध्येच "हो का?" म्हटलं की चहा लवकर मिळतो.

बाई शाळेत रसायनशास्त्र शिकवत, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव रसायनबाई. ते नाव शाळेच्या फाटकातून बाहेर पडून इमारतीत आलं आणि मग कायमचंच चिकटलं. बाई मनाने वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांच्याबद्दल गैरसमज व्हायची शक्यता आहे. फक्त चुकीचं विधान त्यांना सोसत नसे. कानावर चुकीचं काही पडलं की त्यांच्या हातातला घास हातातच राहायचा. एकदा दुकानदाराने एका साबणाची तारीफ करताना त्यात अजिबात रसायन नाही असं म्हटलं. झालं. बाईंनी तिथल्या तिथे कागदी पिशवीवर साबणाचा रेणू काढला. हे डोकं, याला पाण्याची ओढ. ही लांबलचक शेपटी, हिला तेलाची ओढ. शेपट्या मळात रुततात, डोकी पाण्यात राहतात, पाण्याने ओढलं की मळ उचलला जातो. आता सांगा, यात रसायन नाही तर काय आहे? मागे रांग लागली होती आणि रांगेतल्या लोकांना साबणात रस नव्हता. तेव्हापासून बाई दिसल्या की दुकानदार तोंडातून ब्र न काढता साबण पुढे सरकवतो.

अशा घरात नाना राहायला आले.

नाना म्हणजे बाईंचे सासरे. जन्मभर त्यांनी पुस्तकबांधणी केली. सासूबाई गेल्यावर ते एकटे पडले, तसं मुलाने हट्टाने त्यांना आपल्याकडे आणलं. माणूस अतिशय साधा, पण रिकामं बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. आल्या आल्या त्यांनी घरातलं जे जे म्हणून सुटं, फाटकं, विसकटलेलं होतं ते बांधायला घेतलं. शब्दकोश बांधला, वीजबिलं बांधली, फ्रिजबरोबर आलेली माहितीपुस्तिका कापडी बांधणीत बांधून तिच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत "फ्रिज" असं लिहिलं. मग घरातले कागद संपले.

तेव्हा नानांची नजर सुनेच्या विषयाकडे वळली. तिच्या वर्गासाठी पुठ्ठ्याचे रेणू करून द्यावेत असं त्यांच्या मनात आलं. पुठ्ठ्याच्या गोल चकत्या, त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या, वर रंगीत कागद. पहिला त्यांनी पाण्याचा केला आणि जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला. मधे ऑक्सिजनची लाल चकती, दोन बाजूंना हायड्रोजनच्या पांढऱ्या, सगळं एका रेषेत, ओळंबा लावल्यासारखं. बाईंनी बघितलं आणि त्या म्हणाल्या की फार सुरेख झालाय, फक्त पाणी वाकडं असतं. नानांना वाटलं सून थट्टा करतेय. चाळीसेक वर्षं ज्याने वाकडं पान सहन केलं नाही, त्याला पाण्यासारखी सरळ वस्तू वाकडी असते हे पटायला वेळ लागला. पण त्यांनी डिंक सोडवला आणि बाईंनी दाखवला तेवढा कोन करून पुन्हा चिकटवला. ते करताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

मग साखरेचा रेणू झाला, त्याला आठवडा गेला. साबणाचा झाला, तो इतका लांब झाला की कपाटावर ठेवावा लागला. आणि एका संध्याकाळी नानांनी विचारलं की आता मिठाचा रेणू कसा असतो तेवढं सांग.

"मिठाला रेणू नसतो, नाना," बाई म्हणाल्या.

नाना हसले. मग बघितलं तर सून हसत नव्हती. बाईंनी समजावलं की मिठात सोडियम आणि क्लोरीनचे भारित कण असतात, एक हा, एक तो, एक हा, एक तो, असे वर-खाली, मागे-पुढे न संपणाऱ्या रांगा. त्यात अमक्याची जोडी तमक्याशी असं काही नसतं. रेणू म्हणून वेगळा काढून दाखवावा असा तुकडाच नाही. नानांनी विचारलं की मग बाकी सगळ्यांना असतो आणि मिठालाच का नाही. नवरा म्हणाला की असू दे ना, एक छोटासा असू दे मिठालाही, काय बिघडतं. बाई म्हणाल्या की बिघडतं. नानांनी कापून ठेवलेल्या चकत्या खोक्यात परत ठेवल्या. त्यांना मनातून असं वाटलं की सुनेला आपल्या कामाचा कंटाळा आला असावा आणि तिने सभ्यपणे मीठ पुढे केलं. तसं काही नव्हतं, पण नानांना तसं वाटलं हे बाईंच्या लक्षात यायला फार उशीर झाला.

पुठ्ठ्याचं काम सुटलं आणि नाना द्रावणाकडे वळले.

कुठल्याशा व्हिडिओत त्यांनी पाहिलं की व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र केला की घरातलं काहीही साफ होतं. नानांना तो फेस फार आवडला. त्यांनी बादलीत व्हिनेगर घेतलं आणि फेस यायचा पूर्ण थांबेपर्यंत सोडा घातला, कारण अर्धवट काम त्यांना जमायचंच नाही. मग तो निवलेला, शांत झालेला माल बाटल्यांत भरला. बाटल्या खोकल्याच्या औषधाच्या असतात तशा चपट्या निवडल्या, म्हणजे फळीवर पुस्तकांसारख्या उभ्या रचता याव्यात. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी लावली: नानांचं द्रावण. आणि इमारतीत वाटायला सुरुवात केली.

लोकांनी डोक्यावर घेतलं. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू होत्या, त्या म्हणाल्या की माझं बेसिन आरशासारखं झालं. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आपल्या दवाखान्यासाठी बाटल्या नेऊ लागल्या. जिन्यात नाना दिसले की लोक थांबून बोलायचे, नळ तुंबला, फरशीवर डाग पडला, काय करू नाना? नाना मान तिरकी करून ऐकायचे आणि म्हणायचे की रात्रभर राहू द्या, सकाळी ब्रशने चांगलं खसखसून घासा. बायको गेल्यापासून पहिल्यांदा हा माणूस सकाळी दाढी करून दारात उभा राहू लागला होता.

बाईंना हे सगळं दिसत होतं आणि म्हणूनच त्या तोंडाला कुलूप लावून बसल्या होत्या. बाटलीत काय उरलं आहे ते त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण सासऱ्यांना सांगायचं कसं? रोज संध्याकाळी बाटल्यांची रांग बघितली की त्यांच्या जिभेच्या टोकावर एक समीकरण यायचं आणि त्या ते चहाबरोबर गिळायच्या.

त्यात त्यांचा उजवा खांदा आखडलेला. फळ्यावर लिहून लिहून तो वर जाईनासा झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे काही जन्माचं दुखणं नाही, रोज भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम करा, महिन्या-दोन महिन्यांत खांदा मोकळा होईल. नवरा बरोबर होता, त्याने ऐकलं होतं, आणि तो व्यायामाची आठवणही करायचा. बाईंना व्यायामाचा आळस. संध्याकाळी त्या शाळेतून आल्या की नाना रबरी पिशवीत गरम पाणी भरून आणून द्यायचे. पिशवी जुनी होती, बुचापाशी गळायची, त्यामुळे खांदा शेकला जायचा आणि ब्लाउज भिजायचा. तरी ती पिशवी रोज न सांगता येई.

कुलूप उघडलं ते इमारतीच्या जिन्यात भरलेल्या सभेत.

त्या दुपारी बाईंनी चाचणीचे पेपर तपासले होते. प्रश्न साधा होता, घरगुती स्वच्छतेत आम्लाचा उपयोग लिहा. इमारतीतली चार-पाच पोरं त्यांच्याच वर्गात. त्या सगळ्यांनी उत्तर लिहिलं होतं: नानांचं द्रावण. एकाने पुढे कंसात "संशोधक, आमच्या बाईंचे सासरे" असं लिहिलं होतं. दुसऱ्याने नानांचं चित्र काढून डोक्यामागे किरण दाखवले होते. बाईंनी लाल पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. बरोबर म्हणावं तर विषयाशी बेइमानी आणि चूक म्हणावं तर घरात भूकंप. त्या तशाच तापलेल्या डोक्याने सभेला गेल्या.

सभेत लिफ्टचं झालं, दिव्यांचं झालं, आणि शेवटी डॉक्टरीणबाईंनी नानांचे आभार मानून सुचवलं की जिन्याखालच्या तुंबलेल्या गटारातही हेच द्रावण घालावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाना संकोचून चपलेकडे बघत होते. मग शिवणकामवाल्या काकू म्हणाल्या की घरातच रसायनबाई आहेत म्हटल्यावर द्रावण पक्कंच असणार, काय हो बाई?

सगळ्यांच्या माना वळल्या. आता नुसतं हसून मान हलवली असती तरी भागलं असतं. पण बाईंच्या पर्समध्ये खडू होता आणि सूचनांचा काळा फळा समोरच होता.

"हे व्हिनेगरमधलं आम्ल," डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार देत त्या काढू लागल्या. "दोन कार्बन, दोन ऑक्सिजन, आणि इथे टोकाला हा एक हायड्रोजन, कुणाला तरी देऊन टाकायला टपलेला. आम्लाची सगळी तडफ त्या एका हायड्रोजनमध्ये. हा सोडा, तो हायड्रोजन घ्यायला टपलेला. दोघांना आधीच एका भांड्यात घातलं की ते एकमेकांत भागवून मोकळे होतात. फेस येतो तो तेवढ्यापुरता. मागे उरतं एक मीठ आणि भरपूर पाणी. तुम्ही खारं पाणी ओतता आणि मग अर्धा तास ब्रशने घासता. बेसिन ब्रशने साफ होतं."

आधी काकूंना हसू फुटलं, मग डॉक्टरीणबाईंना, मग सगळा जिना हसला. वाईट मनाने नव्हे, इतके दिवस आपण खाऱ्या पाण्याची पूजा केली याचंच ते हसू होतं. नानाही हसले. पण ते सगळ्यांच्या नंतर हसले आणि सगळ्यांच्या नंतरही थोडं हसत राहिले, आणि तेवढ्यात बाईंना कळलं की आपण काय केलं. हातातला खडू कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना.

दुसऱ्या दिवसापासून बाटल्या परत यायला लागल्या. कुणी बेल वाजवत नव्हतं. सकाळी दार उघडलं की उंबऱ्याशी दोन-तीन चपट्या बाटल्या उभ्या असायच्या, कुणी टाकून दिलेल्या मांजराच्या पिल्लांसारख्या. नाना त्या निमूटपणे आत आणून फळीवर रचायचे. दाढी वाढली. जिन्यात थांबणं संपलं.

बाई माफी मागायला गेल्या. मनापासून गेल्या, पण माफी मागण्याचा सराव नसल्यामुळे त्यांनी सुरुवात अशी केली की तसं पाहता सोडा वेगळा टाकून घासला तर उपयोगी आहे, आणि व्हिनेगर वेगळं ओतलं तर नळावरचे पांढरे डाग उतरवतं, कारण ते डाग कार्बोनेटचे. फक्त एकत्र करायचं नाही. एवढं सांगून झाल्यावर त्यांना आठवलं की आपण कशासाठी आलो होतो. नाना म्हणाले, "बरोबर आहे तुझं." त्यांनी ते इतक्या शांतपणे म्हटलं की बाई तशाच माघारी फिरल्या. माफी मागायला गेल्या आणि धडा शिकवून आल्या.

आणि त्याच आठवड्यात नानांनी मुलाला सांगितलं की मी बहिणीकडे जाऊन राहतो. दुसऱ्या गावी त्यांची बहीण होती, कधीची बोलावत होती. तिथे तिला सोबत होईल. इथे तशी माझी कुणाला अडचण नाही, ते म्हणाले, पण गरजही नाही. मुलाने समजावलं, चिडला, गप्प झाला. रात्री त्याने बायकोला एक शब्द विचारला नाही, आणि तेच बाईंना जास्त लागलं. घरातला एक माणूस आपल्या खडूमुळे निघून चालला आहे, आणि आपण बोललो त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात एकत्र बसत नव्हत्या. संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी मात्र येतच होती. नाना ती खुर्चीवर ठेवायचे आणि आत जायचे.

जाण्याच्या आदल्या दिवशी बाई शाळेत असताना नानांनी एक काम केलं. फळीवर सगळ्या परत आलेल्या बाटल्या होत्या आणि भरलेल्या बाटल्या मागे टाकून जाणं त्यांच्या जिवावर आलं होतं. ते विचार करत बसले. सूनबाई म्हणाली की त्यात थोडं मीठ आणि भरपूर पाणी. सून खोटं बोलत नाही. म्हणजे द्रावण वाईट नाही, नुसतं पातळ आहे. आता पातळ खळीचं काय करतात हे पुस्तकबांधणीवाल्याला कुणी शिकवायला नको. पातळ खळीने पान चिकटत नाही, पण तीच चुलीवर आटवली की अशी पकड धरते की पान फाटेल पण सुटणार नाही. नानांनी घरातलं सगळ्यात मोठं पातेलं काढलं, सगळ्या बाटल्या त्यात रिकाम्या केल्या आणि मंद आचेवर आटवायला ठेवलं.

दुपारभर घरात आंबट वाफ कोंदली. पातेलं खाली खाली गेलं. खळीसारखीच वर साय धरली, तेव्हा नानांनी आच बंद केली, घोटभर गरम पाणी घालून साय विरघळवली आणि सगळं कढत असतानाच स्वच्छ फडक्यातून गाळलं, कारण खळीत एक जरी गुठळी राहिली तर पानावर फोड येतो. बाटल्या गरम पाण्याने धुऊन घेतल्या होत्या. इतक्या साऱ्या बाटल्यांतून तीन-चारच भरल्या. त्या बुचं लावून, झाकून, कुणाचा धक्का लागणार नाही अशा कोपऱ्यात त्यांनी निवायला ठेवल्या. आणि ढवळायची लाकडी पट्टी न धुताच ओट्यावर राहिली. एवढ्या नीटनेटक्या माणसाच्या हातून तेवढंच राहून गेलं, आणि बरं झालं.

सकाळी नानांची बॅग दाराशी उभी होती. नवरा टेबलाशी चहा-बिस्किटं घेऊन बसला होता आणि बिस्किट खात नव्हता. स्वयंपाकघरातलं सिंक कालपासून तुंबलं होतं. नाना एक बाटली घेऊन आले आणि म्हणाले की जाता जाता तेवढं सिंक मोकळं करून जातो. आता हे पातळ नाही, आटवलंय. बाईंनी तोंड उघडलं. मग मिटलं. आटवलेलं मीठही सिंकला काही करणार नाही हे त्यांना माहीत होतं, आणि तरी या वेळी त्यांनी चुकीचं विधान चुकीचंच राहू दिलं.

बाटलीत काल भरलेलं द्रावण तसंच होतं, पाण्यासारखं स्वच्छ, थंडगार. नानांनी बूच काढलं, तळाशी काही बसलं असेल म्हणून ढवळायला कालचीच पट्टी घेतली. पट्टीवर पांढरी खपली वाळली होती. तिचं टोक द्रावणाला लागलं मात्र, तिथून एक पांढरं फूल उमललं, त्याच्या पाकळ्या सरसर खाली गेल्या, आणि बघता बघता सगळी बाटली गोठून दगड झाली. पट्टी आत अडकली. नानांनी बाटली दचकून ओट्यावर ठेवली.

"तापली," ते म्हणाले. मग हताशपणे सुनेकडे बघून, "हेही बिघडलं."

बाईंनी बाटली हातात घेतली. ती खरंच गरम होती, नुकत्याच भरलेल्या पिशवीसारखी, आणि चूल तर बंद होती. बाईंना सगळं एकदम दिसलं. पाण्यात मावेल त्याहून कितीतरी जास्त मीठ, गुठळी राहू नये म्हणून गाळलेलं, म्हणून रांगेत उभं राहायला त्याला सुरुवातच सापडली नव्हती. पट्टीवरच्या खपलीने ती दिली, सगळे कण धावत जाऊन आपापल्या जागी बसले, आणि बसताना कालच्या चुलीची ऊब परत देत गेले. शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी हे पोरांना दाखवायचा तीनदा प्रयत्न केला होता आणि तिन्ही वेळा फसला होता, कारण गाळायचा त्यांनी कंटाळा केला होता.

हे सगळं त्यांच्या ओठांवर आलं. पण ते राहू देऊन त्यांनी बाटली फडक्यात गुंडाळली, आपल्या उजव्या खांद्यावर दाबून धरली आणि खाली खुर्चीत बसल्या. डोळे मिटले. ते भरून आले होते, पण ते खांद्याच्या सुखाने असं कुणालाही वाटलं असतं.

"गळत नाही," त्या म्हणाल्या.

नानांना अजून कळलं नव्हतं. मग बाईंनी सांगितलं, या वेळी फळा नव्हता आणि आवाजही वर्गातला नव्हता. ही बाटली उकळत्या पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ होईल, निवेल, आणि हवी तेव्हा चिमूटभर खपली टाकली की पुन्हा तापेल. कितीही वेळा. मला हे जमलं नव्हतं, नाना. तुमच्यासारखं गाळता येत नाही मला.

नानांनी बाटलीला हात लावून पाहिला. मग फडक्याकडे बघून नाक मुरडलं. फडकं घसरणार, ते म्हणाले, याला कापडी कव्हर पाहिजे, बाटली चपटी आहे, पुस्तकाला घालतात तसंच बसेल, दोन नाड्या लावल्या की खांद्याला बांधता येईल. बोलता बोलता ते दाराशी गेले, बॅग आडवी करून उघडली आणि तळातून सुई, मेणदोरा आणि बांधणीच्या कापडाचा तुकडा काढला. शर्ट, चष्म्याची डबी, सगळं जमिनीवर पसरलं. नवरा ते पसरलेले शर्ट बघत होता. त्याने इतक्या वेळाने बिस्किट चहात बुडवलं.

कापड बेतता बेतता नानांनी विचारलं, "याने सिंक निघेल का गं?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"बरं. आणि याला तरी रेणू असतो का?"

बाई अडखळल्या. एवढ्याशा उत्तराने म्हातारा खूश झाला असता. पुठ्ठ्याच्या चकत्यांचं खोकं अजून कपाटावर होतं. पण विषय तो विषय.

"नाही हो, नाना. हेही एक मीठच आहे. सोडियम सुटा, रांगेत उभा. पण दुसरा जो कण असतो ना, त्याला आकार असतो. दोन कार्बन, दोन ऑक्सिजन, तीन हायड्रोजन."

"म्हणजे अर्ध्याचा पुठ्ठा करता येईल."

"अर्ध्याचा येईल."

"अर्धा तर अर्धा," नाना म्हणाले. त्यांनी दोरा ओवला, गाठ मारली आणि पहिला टाका घातला. मग वर न बघता म्हणाले, "तुझा खांदा बरा होईपर्यंत थांबतो मग. तेवढ्यापुरतं. तो बरा झाला की जातो बहिणीकडे."

बाईंनी बाटली खांद्यावर जरा पुढे सरकवली.

"तो काही बरा व्हायचा नाही, नाना. डॉक्टरांना विचारलंय मी. जन्माचं दुखणं आहे."

नवऱ्याने मान वर केली. त्याचं तोंड उघडलं होतं. बाई त्याच्याकडेच बघत होत्या, आणि चाचणीच्या वेळी वर्गाकडे बघतात तशा बघत होत्या.

"हो का?" तो म्हणाला, आणि त्याने चहाचा कप पुढे ओढला.